विमान त्यांचं, छिन्नी कुणाची?



सध्या आपल्या वस्त्यांत एक धंदा जोरात चाललाय. मोबाईल उघडला की कुणीतरी घोगऱ्या आवाजात सांगत असतो : वेरूळचं कैलास लेणं माणसाने खोदलेलंच नाही. मोहेंजोदडोवर अणुबॉम्ब पडला होता. पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधले. आपले ऋषी विमानातून फिरत होते. बर्फयुगात एक प्रगत संस्कृती होती, ती पुरात बुडाली आणि वाचलेले चार शहाणे जगभर हिंडून रानटी माणसांना शेती शिकवून गेले. खाली हजारो अंगठे. त्या अंगठ्यांत आपलीही पोरं आहेत. अभ्यासिकेत बसून परीक्षांची तयारी करणारी, मोर्चात पुढे असणारी, घोषणा देणारी पोरं.

काही जण म्हणतात, सोड ना यार, टाइमपास आहे. मला हा टाइमपास वाटत नाही. मला ही चोरी वाटते. भरदिवसा, आपल्या डोळ्यांदेखत, आणि आपल्याच डेटा पॅकवर चाललेली.

या सगळ्या गोष्टींच्या पोटात एकच वाक्य आहे : 'हे माणसाच्या हाताने शक्यच नव्हतं.' मी विचारतो, कुठल्या माणसाच्या? राजाला हे हुकूम देणं जमलं नसतं असं कुणी म्हणत नाही. पुरोहिताला मुहूर्त काढणं जमलं नसतं असंही म्हणत नाही. शंका फक्त हातावर आहे. घण धरणाऱ्या, माती तुडवणाऱ्या, ओझं वाहणाऱ्या हातावर. ज्या हाताचा विटाळ मानला, त्या हाताने एवढं मोठं काम केलं हे कबूल करायचं कसं? त्यापेक्षा परग्रहावरचा पाहुणा परवडला. त्याची जात कुणी विचारत नाही.

आधी कैलास घेऊ, कारण तो आपल्या घराजवळचा आहे.

वेरूळचं सोळा नंबरचं लेणं. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी जोडलेलं. अंगण साधारण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद. मागचा कडा शंभर फुटांच्या वर. काळा कातळ. व्हिडिओवाले सांगतात, चार लाख टन दगड अठरा वर्षांत निघाला, तेव्हा यंत्र पाहिजेच. ठीक आहे. त्यांचाच आकडा घेऊ आणि चौथीच्या पोराला येतो तेवढा हिशोब करू. वर्षाला ३०० दिवस काम धरा. अठरा वर्षांचे झाले ५,४०० दिवस. चार लाख टनांना भागा. दिवसाला ७४ टन. कामावर हजार माणसं लावा. माणशी ७४ किलो. कातळ वजनाला भारी असतो, त्यामुळे ७४ किलोच्या दगडाने साध्या दोन बादल्याही भरत नाहीत. अख्खा दिवस, एक माणूस, दोन बादल्यांपेक्षा कमी दगड. एवढ्यासाठी दुसऱ्या ग्रहावरून मजूर आणायचे?

आणि अठरा वर्षांचा हट्ट तरी कशाला? अभ्यासकांना लेण्याच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या काळाचं काम दिसतं. एका राजाच्या कारकिर्दीत सगळं संपलं नाही, पुढेही भर पडत गेली. म्हणजे हिशोब आणखी सोपा होतो.

पद्धत बघा. आधी डोंगराच्या उतारावर वरून तीन बाजूंनी खोल चर मारले. मधे दगडाचा एक प्रचंड ठोकळा उभा राहिला. मग कळसापासून सुरुवात करून खाली खाली कोरत आले. वरून खाली यायचं म्हटलं की परांची बांधावी लागत नाही, दगड वर चढवावा लागत नाही, तुटलेला दगड उताराकडे ढकलता येतो. ही अक्कल कुणाची? कातळ फोडणाऱ्याची. बाजूची अर्धवट राहिलेली लेणी बघा, त्यांत कामाचा क्रम आणि छिन्नीचे घाव अजून दिसतात. कैलासाचा आराखडाही आकाशातून पडला नाही. कर्नाटकातलं पट्टदकलचं विरूपाक्ष देऊळ त्याच्या थोडं आधीचं, आणि दोघांचं साम्य कुणालाही दिसतं. त्या पट्टदकलच्या देवळावर ते बांधणाऱ्या स्थपतीचं नाव कोरलेलं आहे : गुंड.

माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडली. सुकडीवर पोरं जगवली. शाळा तिला ठाऊक नव्हती, पण दगड ठाऊक होता. ती सांगायची, दगडाला नुसतं मारू नये बाबा, आधी त्याची शीर बघावी. शीर गावली की दगड आपोआप उकलतो. शीर नाही गावली तर घण तुटतो, हात तुटतो, दगड तसाच. हे ज्ञान कुठल्याही पोथीत नाही. ते पाथरवटाच्या, वडाराच्या घरात पिढ्यान्पिढ्या हातातून हातात गेलं. आजही आपल्या शहराच्या कडेला खाणीवर ते जिवंत आहे. 'हरवलेलं तंत्रज्ञान' शोधायला समुद्राच्या तळाशी जायला नको. खाणीपर्यंत जा. पण तिथे धूळ आहे, आणि यांना धुळीची ॲलर्जी आहे.

आता गंमत बघा. बडोद्याला सापडलेल्या इ.स. ८१२ च्या एका ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे असं अभ्यासक मानतात. त्यात विमानं आहेत! विमानांतून जाणारे देव हे देऊळ बघून चकित होतात, असं ताम्रपट म्हणतो. आणि पुढे म्हणतो की ते घडवणारा शिल्पीसुद्धा आश्चर्यात पडला, की हे आपल्या हातून झालं तरी कसं. म्हणजे राजाच्या भाटाने लिहिलेल्या कवितेतसुद्धा विमानातले देव फक्त बघे आहेत. काम माणसाने केलंय. बाराशे वर्षांपूर्वीच्या भाटाला जे कळत होतं ते आजच्या व्हिडिओवाल्याला कळत नाही. मात्र त्या ताम्रपटात राजाचं नाव आहे, शिल्प्याचं नाही.

नावं नाहीतच असं कुणी म्हणू नये. नावं आहेत. कन्नड तालुक्यात पितळखोरा म्हणून लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे सापडलेल्या यक्षाच्या तळहातावर कोरलंय की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. तळहातावर, दोस्तहो! करणाऱ्याने आपलं नाव दगडाच्या हातावर लिहून ठेवलं. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात बलक नावाच्या कारागिराचं नाव आहे, कण्हाचा शिष्य म्हणून. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचं काम केल्याची नोंद आहे. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांची नोंद आहे. सोनार, सुतार, हस्तिदंतवाले. भर दगडात, ब्राह्मी लिपीत. परग्रहावरच्या कुणाची सही मात्र अजून एकाही लेण्यात सापडलेली नाही.

मग हा रोग फक्त आपल्याकडचा का? मुळीच नाही. आफ्रिकेत जाऊ.

आजच्या झिम्बाब्वे देशात ग्रेट झिम्बाब्वे नावाचे दगडी बांधकामाचे अवशेष आहेत. मोठ्या वाड्याची भिंत ठिकठिकाणी अकरा मीटर उंच, घेर सुमारे २५० मीटर. दगडावर दगड, मधे चुना नाही, गारा नाही. अकराव्या ते पंधराव्या शतकात शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधलेलं हे शहर. १८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन तिथे पोहोचला. त्याने दारावरच्या लाकडाचा तुकडा काढला, आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून बघितला आणि ठरवलं की हा देवदार, म्हणजे लेबनानचा, म्हणजे हे शिबाच्या राणीचं काम. एका पेन्सिलीवर एका खंडाचा इतिहास उडवला! लाकूड निघालं तिथल्याच झाडाचं.

पण गोष्ट चालली, कारण ती हवी होती. सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीला ती जमीन पाहिजे होती. काळ्या माणसाने काही बांधलंच नसेल, आधी इथे गोऱ्यासारखेच कुणी परके राज्य करून गेले असतील, तर आता आलेला गोरा चोर ठरत नाही. तो परत आलेला मालक ठरतो. पुढे रिचर्ड हॉल नावाचा माणूस १९०२ साली त्या जागेचा रखवालदार नेमला गेला. त्याने आफ्रिकी वस्तीचे थर घाण समजून फावड्याने उपसून फेकून दिले. पुरावाच फेकला! डेव्हिड रँडल-मॅकआयव्हरने १९०५ साली आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईने १९२९ साली खोदून दाखवलं की हे आफ्रिकी माणसाचंच काम. तरी गोऱ्यांच्या सरकारला ते पचलं नाही. पीटर गार्लेक नावाचा पुरातत्त्वज्ञ खरं बोलत राहिला आणि १९७० साली त्याला ऱ्होडेशिया सोडावी लागली. १९८० साली देश स्वतंत्र झाला आणि त्या देशाने आपलं नाव काय ठेवलं? त्याच दगडांचं नाव. झिम्बाब्वे.

अमेरिकेतही तेच. मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या खोऱ्यांत मातीचे अवाढव्य ढिगारे आहेत, तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी टोपल्या टोपल्या माती वाहून रचलेले. गोरे म्हणाले, हे एखाद्या हरवलेल्या जमातीचं काम असणार, या रानटी इंडियनांनी तिला मारून टाकलं असणार. १८३० साली इंडियनांना त्यांच्या जमिनीवरून हुसकण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने आपल्या भाषणात ही नाहीशी झालेली जमात पुराव्यासारखी पुढे केली. म्हणजे, तुम्ही त्यांना संपवलं, आता आम्ही तुम्हाला हलवतो. १८९४ साली सायरस थॉमसच्या अहवालाने ही गोष्ट खोटी ठरवली. तोवर जमिनी गेल्या होत्या. माणसं गेली होती.

म्हणून मी म्हणतो, हरवलेल्या संस्कृतीची गोष्ट ऐकली की पहिला प्रश्न विचारा : ही गोष्ट खरी धरली तर कुणाचं काय जातं? १८८२ साली इग्नेशियस डॉनेलीने अटलांटिसवर पुस्तक लिहिलं, १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेनने देव म्हणजे अंतराळवीर असं लिहिलं, २०२२ साली ग्रॅहम हॅनकॉकची मालिका नेटफ्लिक्सवर आली. तिघांच्या गोष्टी वेगळ्या, पण दरवेळी शहाणपण बाहेरून येतं आणि स्थानिक माणूस तोंड वासून बघत उभा असतो. अमेरिकेतल्या पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेने २०२२ सालीच नेटफ्लिक्सला उघड पत्र लिहिलं, की या कल्पनांना वंशश्रेष्ठत्वाचा जुना वास आहे आणि त्या मूळ रहिवाशांचं श्रेय काढून घेतात.

पिरॅमिडचंही तसंच. गिझाला मजुरांची वस्ती सापडली आहे. भट्ट्या सापडल्या, पाव भाजायची भांडी सापडली, जनावरांच्या हाडांचे ढीग सापडले. १९९० साली मजुरांची थडगी सापडली. हाडं मोडून पुन्हा सांधलेली माणसं, पाठीचे मणके झिजलेली माणसं. २०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजवहीच सापडली, पपायरसवर लिहिलेली. आपल्या टोळीने तुऱ्याच्या खाणीतून चुनखडी होडीने गिझाला कशी नेली, दिवसवार नोंद. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मुकादमाची वही! आणि पुढे तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कामगारांना धान्य वेळेवर मिळालं नाही तेव्हा त्यांनी काम टाकलं आणि बाहेर जाऊन बसले. त्याची नोंद तुरीनच्या संग्रहालयात आहे. आपल्याला माहीत असलेला हा सर्वांत जुना संप. परग्रहावरचा पाहुणा भाकरीसाठी संप करतो का रे?

आता आपल्या देशी मालाकडे या. बाहेर परग्रहावरचे आहेत, आपल्याकडे ऋषी आहेत. माल तोच, वेष्टन वेगळं.

'वैमानिक शास्त्र' नावाची पोथी दाखवतात. म्हणे भारद्वाज ऋषींची. खरी हकीकत अशी. १९१८ ते १९२३ या काळात सुब्बराय शास्त्री नावाच्या गृहस्थांनी ती तोंडाने सांगितली आणि दुसऱ्याने लिहून घेतली. विमानांची चित्रं काढली ती बंगळूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका ड्राफ्ट्समनने. इंग्रजी तर्जुमा १९७३ साली छापून आला. १९७४ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच शास्त्रज्ञांनी ती नीट तपासली. निकाल असा : भाषा वेदकाळची नाही, मजकूर १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, आणि त्यात वर्णन केलेलं एकही यंत्र उडणार नाही. प्रश्न मिटायला हवा होता. पण २०१५ च्या जानेवारीत, मुंबई विद्यापीठात, इंडियन सायन्स काँग्रेसच्या मांडवात याच पोथीच्या आधाराने निबंध वाचला गेला, की वैदिक काळात विमानं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात. सायन्स काँग्रेस! एकेचाळीस वर्षांपूर्वी पुरलेलं मढं उकरून मुंबईत आणलं आणि त्याला हार घातला.

त्याच्या तीन महिने आधी, २०१४ च्या ऑक्टोबरात, मुंबईतच एका हॉस्पिटलच्या कार्यक्रमात पंतप्रधान म्हणाले होते की माणसाच्या धडावर हत्तीचं डोकं बसवणारा कुणी प्लास्टिक सर्जन त्या काळी असेल. हशा झाला, टीका झाली, मीम झाले. पण प्लास्टिक सर्जरीची खरी गोष्ट कुणी सांगितली नाही. ती मी सांगतो. ती पुण्याची आहे.

१७९२ सालच्या युद्धात कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर बघायला हजर होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट हकीकत छापून आली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा करायचा, तो कपाळावर पसरून रेघ मारायची, तेवढी कातडी सोलायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त चालू राहतं. कातडी वळवून खाली आणायची, खाच पाडून बसवायची, वर काथ लावलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास पट्टी कापायची. या हकीकतीने युरोप चकित झाला. १८१४ साली लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने हेच ऑपरेशन केलं आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आजची प्लास्टिक सर्जरी आपल्या इतिहासात हे पान आवर्जून लिहिते.

तो पुण्याजवळचा माणूस कोण होता? मॅगझिनने लिहिलंय : विटा करणाऱ्या जातीचा. म्हणजे कुंभारवाड्यातला, वीटभट्टीवरचा माणूस. त्याचं नाव छापलं नाही. कावसजीचं नाव आहे. डॉक्टरांची नावं आहेत. कार्प्यूचं नाव पुस्तकावर आहे. ज्याने चाकू धरला तो बेनाव.

आता मला सांगा, हे तंत्रज्ञान 'हरवलं' कसं? पूर आला होता का? अटलांटिससारखं पुणं बुडालं होतं का? सुश्रुताच्या संहितेत गालाच्या कातडीने नाक जोडायची रीत आहे, प्रेत कुजवून शरीर अभ्यासायची रीत आहे. पण मनुस्मृतीने वैद्याचं अन्न म्हणजे पू असं ठरवलं, त्याला श्राद्धाच्या पंगतीतून उठवलं. प्रेताचा विटाळ, रक्ताचा विटाळ. मग ज्याच्या हातात लेखणी त्याने चाकू टाकला, आणि ज्याच्या हातात चाकू उरला त्याच्या हातात लेखणी जाऊ दिली नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे मोठे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला आणि त्यात स्पष्ट सांगितलं की जातीमुळे डोकं आणि हात यांची ताटातूट झाली, शस्त्रक्रिया न्हाव्यांच्या हाती गेली आणि विज्ञानाचा झरा आटला. हे कुणा विद्रोही पोराने म्हटलेलं नाही. देशाच्या पहिल्या फळीच्या शास्त्रज्ञाने म्हटलंय. त्यांचं नाव रस्त्यांना देतात, त्यांचं म्हणणं व्हिडिओत घेत नाहीत.

दिल्लीचा लोखंडी खांब दाखवतात. दीड हजार वर्षं गंजला नाही, म्हणून परग्रहाचा. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं कोडं उलगडून दाखवलं. जुन्या भट्टीत चुनखडी घालत नसत, त्यामुळे लोखंडात फॉस्फरस जास्त राहिला, आणि त्याने खांबावर एक पातळ संरक्षक थर धरला. म्हणजे उत्तर भट्टीत आहे. भात्यापुढे घामाने निथळणाऱ्या लोहाराकडे आहे. पण लोहाराच्या भट्टीला नमस्कार करायचा तर कमरेत वाकावं लागतं. आकाशाकडे नुसती मान वर केली की भागतं.

आता मोहेंजोदडो. १९७९ साली डेव्हनपोर्ट नावाच्या लेखकाने पुस्तक काढलं, की तिथे अणुस्फोट झाला. पुरावा काय? सांगाडे. सांगाडे चाळीसच्या आसपास. आधी मॉर्टिमर व्हीलरने ते आर्यांच्या कत्तलीचे ठरवले होते. १९६४ साली जॉर्ज डेल्सने दाखवलं की ते एका वेळचे नाहीत, एका थरातले नाहीत, कत्तलीचा पुरावा नाही. अणुबॉम्ब पडला असता तर विटांच्या भिंती माणसापेक्षा उंच उभ्या राहिल्या असत्या का?

पण बॉम्ब शोधणाऱ्याला त्या शहरात एक गोष्ट दिसत नाही. गटार. पक्क्या विटांचं, झाकलेलं, घरोघरच्या न्हाणीपासून रस्त्याच्या मोठ्या नाल्यापर्यंत जोडलेलं, मधे मधे गाळ साठायला खड्डे ठेवलेलं. साडेचार हजार वर्षांपूर्वी! मोहेंजोदडोचं खरं नवल हे आहे. ते खड्डे कोण उपसत होतं, हे तिथली न वाचलेली लिपी सांगत नाही. पण आज कोण उपसतं ते मला ठाऊक आहे. माझ्या गल्लीतून कामावर जातात ती माणसं.

हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. पुन्हा २०१३ साली झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं. २०२३ साली तीस लाख द्या म्हणून सांगितलं. रक्कम वाढली, म्हणजे मरण थांबलं नाही. आणि त्याच देशात सायन्स काँग्रेसच्या मांडवात ग्रहावरून ग्रहावर जाणाऱ्या विमानाचे नकाशे दाखवतात. अरे, तुमच्या ऋषींकडे एवढं तंत्रज्ञान होतं ना? मग एक साधा पंप का नव्हता? तुमच्या पुष्पकात सगळं गाव मावत होतं म्हणता, मग गावाबाहेरची वस्ती कुठे बसत होती? गटारात उतरायला तीन हजार वर्षं माणूसच लागला, आणि तोही ठराविक जातीचाच, हे कुठल्या प्रगत संस्कृतीचं लक्षण?

इथपर्यंत टाळ्या मिळतील हे मला माहीत आहे. आता जे बोलणार आहे त्यावर शिव्या मिळतील. मिळू देत.

आपल्यातलेही काही जण आता हाच माल वेगळ्या लेबलाने विकतायत. म्हणे विमानं होती, पण ती ब्राह्मणांची नव्हती, आपल्या पूर्वजांची होती. जगातली पहिली लिपी आपली, पहिलं अणुशास्त्र आपलं, समुद्रात बुडालेलं खंडही आपलंच. मी म्हणतो, थांबा. चोराच्या घरातला खोटा दागिना उचलून आपल्या गळ्यात घातला म्हणून तो सोन्याचा होत नाही.

१९४६ साली बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ लिहिला. बाहेरून आलेल्या आर्यांनी इथल्यांना जिंकून शूद्र केलं, ही गोष्ट त्यांना राजकारणासाठी किती सोयीची होती! पण त्यांनी वेद उलटेपालटे करून तपासले आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून आर्य वंशाचा तो सिद्धान्त नाकारला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त परक्या आर्यांचीच मांडणी केली होती. म्हणजे इथे गुरूशीही मतभेद झाला. आणि तो ग्रंथ बाबासाहेबांनी अर्पण कुणाला केला? फुल्यांनाच. मतभेद असा असतो, आदर असा असतो. सोयीची गोष्टसुद्धा पुराव्यावर घासून बघायची ही आपली रीत. आपण ती सोडली तर आपल्यात आणि त्या मांडवातल्या निबंधवाल्यात फरक काय राहिला?

आणखी एक. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं ते आमचे पूर्वज राजे होते म्हणून नाही. आम्ही माणूस आहोत म्हणून. पूर्वजाने विमान उडवलं असेल तरच नातवाला पाणी मिळणार असेल, तर तो न्याय मला नको. माझी आजी खडी फोडत होती. तिने साम्राज्य उभारलं नाही. तरी ती कुठल्याही राजापेक्षा तसूभर कमी नव्हती. हे म्हणायची हिंमत ज्याच्यात नाही तोच खोटा सुवर्णकाळ शोधत फिरतो.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. ग्रुपवर असला व्हिडिओ आला की चार प्रश्न टाका. पुरावा कुठे सापडला? कुणी खोदला? कुठल्या साली? आणि हे खरं मानलं तर श्रेय कुणाचं जातं? मग रविवारी वेळ काढा. कार्ल्याला जा, कोंडाण्याला जा, पितळखोऱ्याला जा. ब्राह्मी शिकायला फार दिवस लागत नाहीत. भिंतीवरची नावं स्वतः वाचा, सोबतच्या पोरांना वाचून दाखवा. वडारवाडीत जा, कुंभारवाड्यात जा, लोहाराच्या भट्टीपुढे बसा. म्हाताऱ्यांना विचारा, शीर कशी ओळखता, माती कशी मळता, पोलादाला पाणी कसं देता. बोली जशीच्या तशी उतरवून घ्या. सांगणाऱ्याचं नाव लिहा, त्याला चालत असेल तर. गेल्या तीन हजार वर्षांत या हातांना वही मिळाली नाही. आज वही आपल्याकडे आहे, मोबाईलही आपल्याकडे आहे. त्याच मोबाईलवर ते म्हातारे बोलताना दिसू देत.

उशीर करू नका. खाणी बंद होतायत, भट्ट्या विझतायत, आणि आजीसारखी माणसं दर पावसाळ्यात कमी होतायत. आज लिहून घेतलं नाही, तर पन्नास वर्षांनी यांच्याही कामाकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणेल, हे माणसाच्या हाताने शक्यच नव्हतं.